चौसष्टपैकी आठ

माझ्या भागीदाराने मला फसवलं. मी फसलो, आणि माझ्या फसण्याची शिक्षा कोराडी रोडवरच्या एका वजनकाटेवाल्याने भोगली. कोणी कोणाला फसवलं हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कोणाला माझी दया यायला नको.

पैशाची गोष्ट असती तर मी लिहीत बसलो नसतो. पैसा मला वसूल करता येतो. कुही तालुक्यातून नागपूरला आलो तेव्हा माझ्याकडे एक सायकल होती आणि तिच्या कॅरिअरवर जुना मॉनिटर बांधून मी दुरुस्तीची कामं शोधत फिरायचो. पुढे प्रताप नगरात दहा बाय दहाचं दुकान घेतलं. त्या दुकानाच्या मालकाशी मी भाड्यासाठी तीन दिवस घासाघीस केली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "घेऊन टाक बावा, पण आता तोंड दाखवू नको." मला तो विजय वाटला होता. आयुष्यात सांगितलेली किंमत मी कधी दिली नाही, याचा मला फार अभिमान होता.

भागीदार शिकलेला इंजिनीअर. आवाज इतका हळू की फोनवर त्याला दोनदा विचारावं लागे. त्याने वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि मी ते विकलं. ट्रक काट्यावर चढला की वजन आधी काट्याच्या डब्यावर, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर दिसतं. तिथून ते तारेने कॉम्प्युटरात जातं, आमचा प्रोग्राम ते उचलतो आणि गाडी नंबरासकट परची, म्हणजे वजनाची पावती, छापून देतो. एवढंच काम. पण कोळशाच्या धंद्यात त्या परचीवर माणसं जगतात आणि मरतात. कोराडीकडे जाणाऱ्या रस्त्याला खासगी डेपोंचे जेवढे काटे होते, त्यांतले बरेच आमच्या प्रोग्रामवर चालत.

प्रोग्रामची फाइल कोणी बदलली तर? हा प्रश्न त्यानेच काढला होता. फाइलचं नाव तेच ठेवता येतं, तारीख तीच दाखवता येते, साइझसुद्धा तेवढीच करता येते. नुसती पाहून फाइल ओळखू येत नाही. म्हणून त्याने मला हॅश शिकवला. कुठल्याही फाइलला एक ठरलेलं गणित लावलं की चौसष्ट अक्षरांची एक ओळ निघते, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिळून. तीच फाइल असेल तर तीच ओळ, मग गणित नागपुरात करा की आणखी कुठे. आत एक टिंब जरी बदललं तरी सगळी ओळ पार वेगळी येते.

नवी फाइल तयार झाली की तो तिचा हॅश सांगायचा आणि मी तो लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात माझ्या हाताने उतरवून घ्यायचो. रजिस्टर माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. मी कोणावर विश्वास ठेवत नव्हतो. त्याच्यावरही नाही, असं मला वाटायचं.

सुरुवातीला काट्यावर गेलो की पूर्ण चौसष्ट अक्षरं वाचायचो. ज्या डेपोची ही गोष्ट आहे तिथला काटेवाला माझ्या आईच्या गावचा होता, कुहीजवळचा. आईच्या गावचा म्हणून मी त्याला मामा म्हणायचो आणि तो मला भाचेबुवा म्हणायचा. साठीला आलेला, काळा, बारीक, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा माणूस. मी स्क्रीनवरून अक्षरं वाचायचो आणि तो रजिस्टरावर बोट ठेवून चालायचा. बाहेर ट्रकवाले हॉर्न मारत. मामा हात वर करून त्यांना थांबवायचा. "थांबा बे, पूजा चालू हाये आमची." चौसष्टावं अक्षर जुळलं की तो बोट उचलून म्हणायचा, "पास."

मला त्या पूजेचा कंटाळा आला. दिवसाला चार-पाच काटे करायचे, उन्हात, राखेत, आणि प्रत्येक ठिकाणी हे पारायण. एकदा दुकानात बसलो असताना मी भागीदाराला म्हटलं, "चौसष्ट कायले पाहिजेत बे? एक अक्षर बदललं तर सगळे बदलतात असं तूच म्हणतोस ना? मंग पहिले चार वाचले तरी समजते."

तो म्हणाला, "चार म्हणजे काहीच नाही. पूर्ण वाचायचे."

"बरं, सहा."

"हे कांदे नाही गा. चौसष्टच."

"पहिले चार, आखरीचे चार. आठ झाले."

तो हसला. "बत्तीस तरी वाच."

"आठ. वाचायचं मले आहे, घसा माह्या सुकते. आठच्या वर एक नाही."

तो म्हणाला, "ठीक आहे. आठ." आणि परत आपल्या कामाला लागला. मी खूश झालो. चौसष्टाचा भाव मी आठवर आणला होता. त्या दिवसापासून आमच्या धंद्याची हीच रीत झाली. पहिली चार, शेवटची चार, लॅपटॉप बंद, पुढचा काटा.

काही वर्षांनी मामाच्या डेपोच्या मालकाचा फोन आला. परच्यांप्रमाणे जेवढा कोळसा बाहेर गेला होता, त्याहून कितीतरी जास्त माल आवारातून कमी झाला होता. म्हणजे काही गाड्या परचीवरच्या वजनापेक्षा जास्त माल घेऊन बाहेर पडत होत्या. मालक फोनवर एवढंच म्हणाला, "तुमचं सॉफ्टवेअर चोर आहे की माझा माणूस, ते येऊन सांगा."

माझं डोकं तिथेच तापलं. माझ्या मालाला चोर म्हटलेलं मी ऐकून घेत नाही.

भर दुपारी पोचलो. काट्याच्या केबिनबाहेर मालक खुर्ची टाकून बसला होता, भोवती ड्रायव्हर, क्लीनर, लोडर. मामा केबिनच्या दारात उभा होता. मला बघून त्याला हायसं वाटलं असावं. पुढे येऊन म्हणाला, "भाचेबुवा, बरं झालं आले. डब्ब्यावर एक वजन दिसते अन् परचीत दुसरं येते. म्या डोळ्यानं पाहिलं. दोनच गाड्या आहेत तशा. बाकीच्यांचं बरोबर येते."

मी विचारलं, "कोणत्या गाड्या?"

त्याने दोन्ही नंबर तोंडपाठ सांगितले. त्या गाड्या त्या दिवशी आल्या नव्हत्या. मी उभा असलेला दुसरा ट्रक काट्यावर घ्यायला लावला. डब्यावर जेवढं वजन, परचीवर तेवढंच. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काट्याले गाडी ओळखू येते का रे? चेहरा पाहून वजन सांगते का तो?"

लोक हसले. गाडीचा नंबर मामा स्वतः कॉम्प्युटरात टाकतो आणि मगच परची निघते, म्हणजे प्रोग्रामला गाडी ओळखता येते, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. आठवलं नाही, कारण लोक हसत होते आणि मला ते आवडत होतं.

मग मी फाइल तपासली. रजिस्टर उघडलं. सात एफ तीन नऊ. शेवट सी शून्य चार ई. स्क्रीनवर सात एफ तीन नऊ. शेवट सी शून्य चार ई. मी लॅपटॉप मिटायला हात लावला तेव्हा मामा म्हणाला, "पुरा वाचा ना एकदा. पहिले आपण सगळा वाचत होतो."

"जुळला तो."

"चौसष्ट वाचा, भाचेबुवा. मी बोट ठेवतो." त्याने खरंच रजिस्टराकडे बोट नेलं.

मी त्याचा हात झटकला. "तू शिकवशील मले?" इतकी वर्षं मामा म्हणून ज्याला तुम्ही म्हटलं, त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा तू म्हटलं. वळून मालकाला सांगितलं, "फाइल माझीच आहे. फाइलमध्ये खोट नाही. खोट असलीच तर माणसात आहे, तो तुमचा तुम्ही पाहा."

मालकाने आरडाओरडा केला नाही. तो मजेत होता. म्हणाला, "चला, काट्यावर उभं करा त्याले. पाहू तर, चोराचं वजन किती भरते."

मामाला काट्याच्या मधोमध उभं केलं. जिथे भरलेले ट्रक उभे राहतात त्या लोखंडी पट्ट्यावर तो एकटाच, हात मांडीला चिकटवून. ऊन इतकं की पट्ट्यावर पाणी टाकलं असतं तर चरचरलं असतं. चप्पल त्याने केबिनच्या दारातच काढलेली होती, सवयीने. तो एक पाय उचलायचा, टेकवायचा, मग दुसरा उचलायचा. कोणीतरी म्हणालं, "नाचून राहिला बे!"

केबिनमध्ये कीबोर्डसमोर मी होतो. मशीन माझं, प्रोग्राम माझा, म्हणून सगळ्यांनी मलाच बसवलं. डब्यावर साठ किलो आलं. गाडी नंबराच्या चौकटीत काय लिहायचं म्हणून मी मालकाकडे पाहिलं.

"चोर टाका," तो म्हणाला.

मी टाकलं. हे मला कोणी जबरदस्तीने करायला लावलं नाही. माझ्या बोटांनी टाइप केलं, एंटर मारलं आणि प्रिंटरने किर्रकिर्र करत परची बाहेर टाकली. गाडी नंबर: चोर. माल: कोळसा. वजन: साठ किलो. मी हसलोसुद्धा. ती परची केबिनच्या काचेवर चिकटवली. तिचा फोटो संध्याकाळच्या आत रस्त्यावरच्या प्रत्येक काट्यावर पोचला.

मामाने उतरून चपला घातल्या. पिशवी उचलली. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. कोराडीहून शहराकडे जाणारी बस समोरूनच जाते, ती येईपर्यंत तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि इकडचे सगळे त्याला हाका मारत होते. "साठ किलो! ओ साठ किलो!"

त्याला पुन्हा कुठल्याही काट्यावर काम मिळालं नाही. तो गावी परतला. हे मला पुढे आईच्या माहेरच्या लोकांकडून समजलं. त्यांच्या गावात धान मोजायच्या वेळी मामाला बोलवत असत. तो काट्याच्या बाजूला उभा राहून बरोबर म्हणाला की शेतकरी आणि व्यापारी दोघंही मान डोलावत. त्या हंगामात त्याला कोणी बोलावलं नाही. फोटो तिथेही पोचला होता. एका व्यापाऱ्याने म्हणे त्याला दारातच विचारलं, "काय गा, सध्या किती भरतेस?" मी हे ऐकलं आणि म्हटलं, करणी तशी भरणी झाली त्याची. असंच म्हटलं मी.

वर्षभराने भागीदार वेगळा झाला. मान दुखते, बसवत नाही, असं कारण दिलं. मी त्यालाही वाटणीत घासलं आणि त्याने निमूटपणे सही केली.

तो गेल्यावर मी सगळ्या काट्यांच्या फाइली, बंद झालेल्या काट्यांवरून पूर्वी उतरवलेल्या प्रतींसकट, एका ठिकाणी आणल्या. आता वाचत बसायचं वय नव्हतं, म्हणून रजिस्टरातले सगळे हॅश कॉम्प्युटरात उतरवून घेतले आणि फाइली आपोआप ताडून पाहणारा प्रोग्राम लावला. त्याला कंटाळा येत नाही. तो चौसष्ट म्हणजे चौसष्ट पाहतो. सकाळी दहाच्या सुमाराला यादी आली. सगळ्या ओळी हिरव्या, एक लाल. मामाचा काटा.

मला वाटलं, रजिस्टरातून उतरवताना चूक झाली. चष्मा लावला. रजिस्टरावर बोट ठेवलं. सात एफ तीन नऊ, जुळलं. पुढचं अक्षर जुळेना. त्याच्या पुढचंही जुळेना. बोट सरकत राहिलं आणि एखाद-दुसरं सोडून काहीच जुळेना, पार शेवटच्या चार अक्षरांपर्यंत. सी शून्य चार ई. तिथे पुन्हा जुळलं.

आमच्या शेजारच्या गल्लीत इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम राहतात. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन्ही ओळी पाहिल्या आणि विचारलं, "तुम्ही तपासताना पूर्ण वाचता का?"

"आठ वाचतो. इकडची चार, तिकडची चार."

"मग कोणीतरी तेवढीच जुळवलीत. फाइल बदलायची, तिच्या एका कोपऱ्यात निरुपयोगी आकडा टाकायचा, हॅश काढायचा. नाही जुळला तर आकडा बदलून पुन्हा. कॉम्प्युटर हे न थकता करतो. आठ अक्षरं जुळवायला साधा लॅपटॉप पुरतो, फार तर एक दिवस. चौसष्ट जुळवायला जगातले सगळे लॅपटॉप लावले तरी जमत नाही." मग त्यांनी फाइल उघडून आत शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. आत दोन गाड्यांचे नंबर लिहिलेले होते. त्या गाड्या आल्या की वजनातून ठरावीक भाग कापून परची छापायची.

ते दोन नंबर मी ओळखले. मामाने ते मला तोंडपाठ सांगितले होते.

मॅडमनी विचारलं, "तुम्ही आठच वाचता हे कोणाला माहीत होतं?"

मामाला माहीत होतं, पण त्याला फाइलचं पोट उघडता येत नव्हतं. ते उघडता येणारा एकच माणूस होता.

मी तसाच भागीदाराच्या फ्लॅटवर गेलो. तो टेबलाशी बसून पपई खात होता, मानेला पट्टा वगैरे काही नव्हतं. मी दोन्ही ओळींचा कागद त्याच्या बशीवर टाकला.

त्याने तो उचलून पुसला, वाचला. म्हणाला, "आता वाचला का पूर्ण?"

मी कॉलर धरली. "काहून केलं बे? कोणासाठी केलं?"

"सोड आधी." त्याचा आवाज तेवढाच हळू. "आठ तू ठरवले होते. मी चौसष्ट म्हणून राहिलो होतो. बत्तीसवरही आलो होतो. तुले आठच पाहिजे होते, तुले आठच भेटले."

"म्हणून चोरी केली?"

"अकरा वर्षं तू मले घासलं. माह्या कामाचा भाव घासला, माह्या सुट्ट्या घासल्या. पोरीच्या लग्नाले चार दिवस मागितले तर तू दीड दिला. मले पाहायचं होतं, तुह्या त्या आठमधून काय काय निघून जाते." मग तो हसला. "गाड्या निघून गेल्या."

"अन् त्या मामानं तुझं काय घासलं होतं?"

तेव्हा त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "त्याले चोर म्या नाही म्हटलं. टाइप तू केलं."

माझी पकड सुटली. त्याने कॉलर नीट केली आणि पपईची फोड तोंडात टाकली. "सिद्ध कर जा," म्हणाला. "तू विकलं, तू बसवलं, तूच पास केलं."

दुसऱ्या दिवशी मी कुहीजवळ मामाच्या गावी गेलो. मामा ओसरीवर सुतळी वळत बसला होता. मला पाहून उठला, खुर्ची दिली, म्हणाला, "बसा साहेब." भाचेबुवा म्हणाला नाही. मी सगळं सांगितलं, आठ आणि चौसष्ट, दोन गाड्या, सगळं. तो सुतळी वळत ऐकत राहिला. मी पाया पडायला वाकलो तर त्याने पाय मागे ओढून घेतले.

"रजिस्टर आणलं?" त्याने विचारलं.

आणलं होतं. त्याने बोट ठेवलं. त्याची ओळ सुटली नाही. मी लॅपटॉपवरून वाचलं. पाचव्या अक्षराला तो म्हणाला, "नाही." सहाव्याला म्हणाला, "नाही." कधी चुकून एखादं जुळलं की गप्प राहायचा, मग पुन्हा, "नाही." शेवटची चार जुळली तेव्हा त्याने बोट उचललं नाही.

"माह्यापुढं वाचून काय फायदा, साहेब? मले तं तेव्हाच माहीत होतं. जिथं मले उभं केलं होतं तिथं वाचा. तेवढेच लोक असले पाहिजेत."

मी डेपोवर गेलो. मालकाने प्रोग्राम केव्हाच बदलून दुसऱ्या कोणाचा घेतला होता. म्हणाला, "कायले जुनं उकरून राहिले? माणूस गेला, माल चोरीले जाणं थांबलं, झालं." मी म्हटलं, चोरी थांबली कारण त्याच सुमाराला त्या दोन गाड्या यायच्या थांबल्या. त्याने फोन कानाला लावला. मी तरी काट्यावर उभा राहिलो आणि मोठ्याने वाचायला लागलो. मी केलं ते सगळं सांगितलं, टाइप केलेल्या शब्दासकट. ड्रायव्हरांना वाटलं मला ऊन लागलं आहे. एकाने पाण्याची बाटली आणून दिली. मागच्या ट्रकने हॉर्न मारला आणि मला बाजूला व्हावं लागलं.

केबिनच्या काचेवर परची अजून होती. उन्हाने शाई उडून कागद कोरा पडला होता. तरी नवा काटेवाला तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इथं चोर लिहिलं होतं." मी ती नखांनी खरवडली. अर्धी निघाली.

आता भागीदाराला सांगतो. मी अर्धंच वाचू शकलो, आणि पूर्ण वाचलं असतं तरी लोक म्हणाले असते, आपलं पाप झाकायला हा दुसऱ्याचं नाव घेतो. ती ओळ तू बनवलीस. तूच ये. सकाळी दहाला, जेव्हा गाड्यांची रांग हायवेपर्यंत असते, त्या लोखंडी पट्ट्यावर उभा राहा, चप्पल काढून. दोन्ही ओळी वाच, पूर्ण, आणि मामा शेजारी बोट ठेवून उभा असेल. मग सांग की त्या दोन गाड्या कोणाच्या आणि तुला कोणी सांगितलं. पहिली चार आणि शेवटची चार माझी, ती मी कबूल केली आहेत, त्यांची शिक्षा मी नाकारत नाही. मधल्या छप्पन्न अक्षरांचं उत्तर तुला द्यायचं आहे. दे.